दक्षिणेकडे जाणारे पाणी



ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉरफोक बंदरात शिडाच्या नौकांची गर्दी होऊ लागते. कोणी मेन राज्यातून, कोणी थेट कॅनडातून आलेले. साऱ्यांची तोंडे मात्र दक्षिणेकडे. थंडी पाठीस लागलेली असते, परंतु फार आधी निघूनही भागत नाही. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम 1 जूनपासून 30 नोव्हेंबरपर्यंत मानला जातो. मागे गोठू पाहणारे पाणी आणि पुढे वादळाची धास्ती, यांमधल्या चिंचोळ्या काळात हा प्रवास बसवावा लागतो. सुकाणू उघड्यावर असते. पहाटे दोरखंड ओले आणि ताठर झालेले असतात. लोकरीचे हातमोजे व कानटोपी घालूनही सुकाणूधारकाला हुडहुडी भरते.

समुद्र शेजारी असताना ही मंडळी आतल्या पाण्याने का जातात? नॉरफोकच्या दक्षिणेस हॅटरसचे भूशिर समुद्रात घुसले आहे. तेथे दक्षिणेकडून येणाऱ्या गल्फ स्ट्रीम या उष्ण प्रवाहाला उत्तरेचा वारा समोरून भिडला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. जहाजांचे स्मशान अशीच त्या किनाऱ्याची ख्याती आहे. म्हणून नद्या, खाड्या आणि मधले कालवे जोडून मायामीपर्यंत सुमारे 1,090 मैलांचा अंतर्गत जलमार्ग सिद्ध झाला. त्याचा शून्य मैल नॉरफोकला धरतात.

बंदर मागे पडले की थोड्याच मैलांवर वाट दुभंगते. एक फाटा 1859 साली खुल्या झालेल्या रुंद कालव्याचा. मोठी जहाजे तिकडून जातात. दुसरा डिस्मल स्वाम्प नावाच्या दलदलीच्या कडेने जाणारा, 22 मैलांचा, अरुंद आणि जवळजवळ सरळ. घाई नसलेले नाविक हाच निवडतात. त्याच्या दोन्ही टोकांना लॉक आहे. लॉक म्हणजे दोन्हीकडे दारे असलेला लांब हौद. नौका आत घेऊन मागचे दार लावतात, वरचे पाणी आत सोडतात आणि नौका सुमारे आठ फूट अलगद वर उचलली जाते. दुसऱ्या टोकाला अशीच खाली उतरते. कालव्यात शीड गुंडाळून इंजिनावरच जायचे. पाण्याखाली तरंगणारे ओंडके मधूनच तळावर धडकतात आणि आतले माणूस दचकते. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे असते. झाडांच्या साली आणि कुजट मातीतले टॅनिन त्यात उतरलेले असते आणि त्यामुळे ते लवकर नासत नाही. पूर्वी लांबच्या सफरीची गलबते हे पाणी पिंपांत भरून नेत असत.

हा निवांत कालवा कोणी खणला, हे मात्र नौकेवरून दिसत नाही. खोदकाम 1793 साली सुरू झाले आणि 1805 साली कालवा या टोकापासून त्या टोकापर्यंत खुला झाला. यंत्रे नव्हती, खणणारे हात गुलामांचे होते, बहुधा त्यांच्या मालकांनी भाड्याने दिलेले. मोझेस ग्रँडी हा याच कालव्यावर मालाच्या नावा चालवणारा गुलाम. कमरेएवढ्या, कधी त्याहून खोल चिखलपाण्यात उभे राहून मुळे तोडणाऱ्या आणि गाळ उपसणाऱ्या माणसांचे वर्णन त्याने करून ठेवले आहे. आज ज्या थंडीत प्रवासी गरम कॉफीचा पेला हाती धरतो, त्याच थंडीत ती माणसे त्या पाण्यात उभी होती.

ग्रँडीने स्वतःची सुटका विकत घेतली, आणि तीही एकदा नव्हे, तीनदा. पहिल्या मालकाने पैसे घेऊन त्याला दुसऱ्यास विकले; दुसऱ्याच्या हातीही पैसे पडूनही तो बांधलेलाच राहिला; तिसऱ्या खेपेस शब्द पाळणारा माणूस भेटला. त्याआधीची एक घटना मन विदीर्ण करणारी आहे. लग्नाला आठ महिने झाले असताना विकून नेल्या जाणाऱ्या गुलामांच्या तांड्यात त्याला आपली बायको दिसली. हातात हात घेण्याची परवानगी त्याने मागितली, ती नाकारली गेली. दूर उभे राहून बोलता आले, एवढेच. पुन्हा ती त्याला कधीही दिसली नाही. त्याचे आत्मकथन 1843 साली लंडनमध्ये छापले गेले, ते गुलामीत अडकलेल्या आप्तांना सोडवण्यासाठी पैसा उभा करावा म्हणून. पुस्तके विकून माणसे सोडवायची होती! ग्रंथालयाच्या सभासदांनी ही गोष्ट मनाशी धरून ठेवावी. पुढे 30 वर्षांनी, 1873 साली, महात्मा फुले यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी जनांस अर्पण केले, हे मराठी वाचकास ठाऊकच आहे.

दलदलीच्या आतल्या उंचवट्यांवर पळून आलेले गुलाम पिढ्यानपिढ्या वस्ती करून राहिले. लाँगफेलोने त्यांच्यावर 1842 साली कविता लिहिली, तर हॅरिएट बीचर स्टोव्हने 1856 साली ‘ड्रेड’ ही कादंबरी.

याच दलदलीत नोव्हेंबर 1894 मध्ये रॉबर्ट फ्रॉस्ट हा वीस वर्षांचा तरुण जीव नकोसा होऊन शिरला होता. त्याने आपल्या कवितांच्या अवघ्या दोन प्रती छापून घेतल्या होत्या, एक स्वतःसाठी आणि एक प्रेयसीसाठी. (एवढी दुर्मीळ आवृत्ती कोणत्या ग्रंथपालाला हवीशी वाटणार नाही?) तिने ती थंडपणे स्वीकारली आणि हा इकडे निघाला. अंधारात कालव्याच्या काठाने चालत तो लॉकपाशी पोचला, तो तेथे बदकांच्या शिकारीला निघालेल्या मंडळींची बोट लागलेली. त्यांनी त्याला बरोबर घेतले. पुढल्या वर्षी त्याच मुलीशी त्याचे लग्न झाले.

ती बोट ज्या एलिझाबेथ सिटीला गेली, तेथेच आजचे नाविकही थांबतात. 1983 साली तेथल्या दोघा वृद्ध मित्रांनी धक्क्यावर येणाऱ्या नौकांचे स्वागत सुरू केले. एकाच्या बागेतले गुलाब नौकांवरील स्त्रियांच्या हाती दिले जात. थांबणे बहुधा भागच पडते. पुढचे अल्बेमार्ल साउंड हे विस्तीर्ण पण उथळ पाणी आहे. वारा चढला की त्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात आणि नौका गदागदा हलते. म्हणून धक्क्याला दोर बांधून, अंगावर कांबळी ओढून, माणसे रात्रभर डोलकाठीवर दोरांचा खडखडाट ऐकत राहतात. तो थांबला की पहाटेच दोर सोडले जातात.