जंतूंचे कारभारी आणि इंदूरचे खत

(महोत्सवानिमित्त सुदामा नगर येथे दिलेले भाषण)



उत्सवाच्या मंडपात खताची गोष्ट काढणे काहींना रुचणार नाही. परंतु शेतीशास्त्रात आपल्या इंदूरचे नाव जगभर गेले ते खतामुळेच. १९२४ साली आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ येथील शेतीसंशोधन संस्थेचे प्रमुख झाले. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचावयाचे, ओल राखावयाची, ढीग तीनदा चाळवावयाचा, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत खत तयार. ही 'इंदूर पद्धत' ज्या पुस्तकाने १९३१ साली जगापुढे आणली, त्यावर हॉवर्डसाहेबांच्या जोडीला यशवंत वाड यांचेही नाव आहे. साहेबांचा गाजावाजा झाला. वाडांचे नाव आपल्याच शहरात फारसे कोणी घेत नाही, हे काही बरे नव्हे.

ढीग माणूस चाळवतो, पण खत करतात जंतू. ज्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, त्याला केव्हा काय करावे हे कळते कसे?

याचा सर्वांत कसून अभ्यास झाला तो ई. कोलाय या जंतूवर. तो आपल्या आतड्यात असतो, गाईच्याही असतो, म्हणून शेणातही असतो. लांबी म्हणाल तर मिलिमीटरचा सुमारे पाचशेवा भाग. एवढ्याशा देहात सुमारे ४,३०० जनुके, म्हणजे तितक्या प्रथिनांच्या कृती लिहिलेल्या. त्या सगळ्या एकदम रांधावयास घेतल्या तर बिचाऱ्याचे दिवाळेच निघेल. म्हणून त्याने सुमारे तीनशे कारभारी ठेवले आहेत. हे कारभारीही प्रथिनेच. जनुकाच्या उंबरठ्यावर बसून ते कोठे वाट अडवतात, कोठे काम पुढे रेटतात.

दुधातल्या साखरेचे उदाहरण घेऊ. ती पचविणाऱ्या जनुकांपाशी एक कारभारी आडवा बसलेला असतो. साखर आत आली की तिचेच एक रूप त्याला चिकटते, त्याचा आकार बदलतो आणि तो उंबरठ्यावरून सुटतो. पॅरिसच्या जाकोब व मोनो यांनी १९६१ साली या व्यवस्थेचा उलगडा मांडला. १९६५ साली त्यांना ल्वॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पण एवढ्याने काम जोरात चालत नाही. द्राक्षशर्करेसारखे सोपे अन्न हाताशी असेपर्यंत दुसरा कारभारी पुढे येत नाही. ती संपली की तो येतो आणि मग काम वेग घेते. आपल्या न्यासाच्या धनादेशावर दोघांच्या सह्या लागतात, तसेच हे. खजिनदारांना अधिक सांगावयास नको.

हा दुसरा कारभारी शेकडो जनुकांवर हात ठेवून असतो. काही कारभारी इतर कारभाऱ्यांना आवरतात, पुष्कळसे स्वतःलाही. यालाच जाळे म्हणतात. एका कारभाऱ्याच्या अंगी लोह-गंधकाची जुळणी असते. प्राणवायू लागला की ती मोडते व तो निकामी होतो. हवा नसली तर तो शाबूत राहून हवेविना जगण्याची जनुके उघडतो. ढिगात अर्थात अगणित जातींचे जंतू असतात आणि प्रत्येकीची व्यवस्था निराळी. तरी ढीग चाळवल्याने कारभार का पालटतो, याची कल्पना यावरून यावी. हॉवर्ड आणि वाड यांना हे रेणू ठाऊक नव्हते. त्यांनी हात, नाक आणि तापमापक यांवर काम भागविले, आणि ते उत्तम भागले.

आता घरातली गोष्ट. काही जंतूंपाशी टेट्रासायक्लिन या औषधासाठी वेगळाच कारभारी असतो. एरवी तो दार बंद ठेवतो. औषधाचा अंश आत शिरला, की तो बाजूला होतो आणि औषध बाहेर उपसणारा पंप तयार होतो. अंश अगदी थोडा असला तरी चालतो. शिवाय असली जनुके एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, ती आपल्या घरातल्या दही लावण्याच्या विरजणासारखी.

आपला ओला कचरा देवगुराडियाला जातो. तेथे २०२२ साली रोज ५५० टन कचऱ्याची क्षमता असलेला वायुप्रकल्प सुरू झाला. तेथेही राबतात ते जंतूच. पुष्कळ घरांतून उरल्यासुरल्या गोळ्या भाजीच्या देठांबरोबर त्याच डब्यात पडतात. कचरागाडीला घरगुती घातक वस्तूंसाठी निराळा कप्पा असतो. गोळ्या त्यात टाकाव्या.