पुन्हा कॅट द्यायची का?

(वसंत व्याख्यानमाला, पुष्प चौथे)



ज्या घरात कुणी कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेशपरीक्षा, दिली आहे, त्या घरात एप्रिल महिना जड जातो. नोव्हेंबरच्या अखेरीस परीक्षा झाली, डिसेंबर-जानेवारीत निकाल लागला, ज्यांना कॉल आले त्यांच्या मुलाखती झाल्या. आता हातात प्रतीक्षायादीतला क्रमांक आहे, किंवा तोही नाही. मग जेवताना कुणीतरी विषय काढतं, "पुढच्या वर्षी पुन्हा देणार का?" बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर एकाच आकड्यावरून ठरतं. पर्सेंटाइल 97 असेल तर "थोडक्यात हुकलं, दे अजून एकदा", आणि 85 असेल तर "जाऊ दे, आपलं क्षेत्र नव्हे ते". मी तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. या निर्णयाला तो आकडा पुरत नाही, एवढं सांगायला मी आज उभा आहे. कारण त्याच आकड्यावर भिस्त ठेवून मी एका मुलाला सल्ला दिला होता, आणि तो चुकला.

माझाच विद्यार्थी. 97 च्या थोडं वर पर्सेंटाइल. एका नव्या आयआयएमचा कॉल होता, तिथे निवडही झाली. माझ्याकडे पेढे घेऊन आला, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्याला पहिल्या तीन आयआयएमपैकी एक हवं होतं. मी म्हटलं, "सोड ही जागा. एक वर्ष घे. 97 चे 99 करणं तुला कठीण नाही." त्याने सोडली. पुढच्या वर्षी 95 आले. पुढे तो सावरला, आज चांगलं काम करतो आहे. पण ते वर्ष त्याने घरात कसं काढलं, हे त्याच्या आईने मला नंतर सांगितलं. त्या दिवसापासून मी या विषयाकडे नीट बघायला लागलो.

माझं कुठे चुकलं, ते सांगतो. पहिली गोष्ट, 97 आणि 99 यांत दोनाचं अंतर आहे असं मी धरलं होतं. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, ती रांगेतली जागा आहे. 2024 च्या कॅटला सुमारे 2 लाख 93 हजार मुलं बसली होती. म्हणजे एक पर्सेंटाइल म्हणजे जवळजवळ 2900 माणसं. 97 वरून 99 वर जायचं तर पावणेसहा हजारांहून अधिक मुलांना मागे टाकावं लागतं. आणि ती मुलं जागेवर थांबलेली नसतात. त्यांच्यातलीही कित्येक दुसऱ्यांदा देत असतात.

दुसरी चूक संख्याशास्त्राच्या शिक्षकाला न शोभणारी होती. 1886 साली फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज अभ्यासकाने आईवडिलांची आणि मुलांची उंची मोजून एक निरीक्षण मांडलं. फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नसतात. ती मधल्या उंचीकडे सरकतात. परीक्षेतही असंच होतं. एका दिवसाच्या गुणांत तुमची तयारी असते आणि त्या दिवसाचं दानही असतं: ओळखीच्या विषयावरचा उतारा, पहिल्याच झटक्यात सुटलेला सेट, रात्री लागलेली झोप. दान चांगलं पडलं होतं की वाईट, हे कळल्याशिवाय पुढच्या वर्षी वर जाल की खाली, हे सांगता येत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या मॉक परीक्षा मी बघितल्याच नव्हत्या. त्यांची सरासरी 97 च्या बरीच खाली होती. परीक्षेच्या त्या रविवारी पेपराने त्याला त्याच्या वकुबापेक्षा जास्तच दिलं होतं. मी मात्र ते कमी पडलं असं धरून चाललो.

म्हणून आता कुणी आलं की मी आधी शेवटच्या आठ-दहा मॉकचे आकडे मागतो. मॉक देणारा गट आणि कॅट देणारा गट सारखा नसतो, तेव्हा तुलना सैल हाताने करायची. तरीही मॉकमध्ये सातत्याने 98 च्या आसपास असलेली मुलगी प्रत्यक्षात 92 वर आली, तर तिचा तो दिवस वाईट गेला, असं बऱ्याच विश्वासाने म्हणता येतं.

अशीच एक मुलगी दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्या घरी आली. सोबत तिच्या उत्तरांचे छापलेले कागद होते. परीक्षेनंतर उमेदवाराने निवडलेली उत्तरं आणि योग्य उत्तरांची सूची दोन्ही जाहीर होतात, ती त्याच वेळी उतरवून ठेवावीत. आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद पसरले, दोन रंगांच्या पेन्सिली घेतल्या आणि एकेक प्रश्न पुन्हा सोडवायला बसलो.

गणिताच्या 22 प्रश्नांपैकी तिने 13 सोडवले होते. 9 बरोबर, 4 चूक, चारही पर्यायांचे. बरोबर उत्तराला 3 गुण, चुकीला 1 वजा, म्हणजे 27 मधून 4 गेले, 23 राहिले. त्या चारांपैकी एक नफातोट्याचा प्रश्न होता. माझ्यासमोर तिने तो दोन मिनिटांत सोडवला, उत्तर तेच आलं, आणि मग ती थांबली. प्रश्नात विक्रीची किंमत विचारली होती. तिने खरेदीची किंमत काढली होती, आणि ती पर्यायांत दिलेली होती. पेपर काढणाऱ्यांना ही घाई ठाऊक असते. बाकी तीन चुकांतल्या दोन अशाच निघाल्या. जे 9 प्रश्न तिने सोडलेच होते, त्यांतले 5 टेबलावर सहज सुटले.

डीआयएलआरला, म्हणजे आकडेवारी आणि तर्काच्या विभागात, तिचा घात झाला होता. 40 मिनिटं, आणि सेट अनेक. पहिला सेट सोपा वाटला म्हणून धरला आणि 19 मिनिटं सोडला नाही. "एवढा वेळ घातल्यावर सोडवेना, सर," ती म्हणाली. एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्या 21 मिनिटांत आटपावं लागलं. संध्याकाळी सातपर्यंत कागदावर तीन प्रकारच्या खुणा झाल्या: येत होतं पण चुकलं, येत होतं पण पोचलेच नाही, आणि येतच नव्हतं. तिसरी खूण सर्वांत कमी ठिकाणी होती. ते बघून मी म्हटलं, "तू पुन्हा दे." या वेळी आकड्यावरून म्हटलं नव्हतं.

उलटही होतं. एखाद्याच्या कागदावर सगळीकडे तिसरीच खूण दिसते, आणि तीही इंग्रजीच्या विभागात. आपल्याकडे मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुलांचं हे नेहमीचं दुखणं आहे. बारावीनंतर सुटलेलं अंकगणित चार-सहा महिन्यांत परत येतं. उतारे वाचून त्यातला सूक्ष्म अर्थ पकडायची सवय मात्र त्याहून सावकाश लागते, आणि 24 पैकी 16 प्रश्न उताऱ्यांवरचे असतात. अशा मुलांना मी 'नको' म्हणत नाही. रोज दीड तास गंभीर इंग्रजी लेखन वाचायची तयारी आहे का, एवढं विचारतो. नुसती आणखी एक टेस्ट सिरीज लावून हे साधत नाही.

यानंतरची गोष्ट मी माझ्या त्या 97 वाल्या विद्यार्थ्याच्या वेळी तपासलीच नव्हती, आणि आजही फार थोडी घरं तपासतात. आयआयएमची अंतिम निवड फक्त कॅटवर होत नाही. दहावी, बारावी, पदवीचे गुण, कामाचा अनुभव, मुलाखत, सगळ्याला वजन असतं, आणि प्रत्येक संस्था आपलं सूत्र जाहीर करते. बंगळूरसारखी संस्था शाळेतल्या गुणांनाही बरंच महत्त्व देते. तेव्हा कागद घ्या, ते सूत्र घ्या, आपल्या पर्सेंटाइलच्या जागी 99 घाला आणि बेरीज करा. मग मागच्या वर्षी कितीला बोलावलं होतं, ते बघा. माझ्या विद्यार्थ्याला दहावीला 68 टक्के होते. त्याला हव्या होत्या त्या संस्थांमध्ये 99 घालूनही बेरीज पोचत नव्हती. दहावी काही पुन्हा देता येत नाही. हा हिशोब वीस मिनिटांचा होता, आणि मी तो केला नाही.

परदेशी जाणाऱ्यांच्या जीमॅटचं प्रकरण वेगळं आहे. ती 16 दिवसांनी पुन्हा देता येते, बारा महिन्यांत पाच वेळा, आणि गुण पाच वर्षं चालतात. तिथे प्रश्न काही आठवड्यांचा आणि पैशांचा असतो. कॅट वर्षातून एकदाच होते आणि गुण एकाच वर्षाच्या प्रवेशाला चालतात. फॉर्मचे पैसे घर सोसतं. खरा खर्च वर्षाचा आहे, आणि ते वर्ष कसं काढणार, हे आधी ठरलं पाहिजे. माझं मत स्पष्ट आहे. नोकरी मिळत असेल तर ती धरून अभ्यास करावा. अनुभवाला बहुतेक ठिकाणी वजन मिळतं, आणि मुलाखतीत "मधल्या वर्षी काय केलंत?" या प्रश्नाला काहीतरी सांगता येतं. नुसतं घरी बसून अभ्यास करणाऱ्याला दिवस मोठा मिळतो, पण परीक्षेच्या एका रविवारावर सगळं टांगलेलं राहतं. पहिला सेट सुटला नाही की हात थरथरायला लागतात.

आणि महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीला दुय्यम मानू नका. मुंबईची 1965 साली स्थापन झालेली जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था सीईटीतून मिळते. त्या परीक्षेत 150 मिनिटांत 200 प्रश्न असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत. कॅटमध्ये वजा गुणांच्या धास्तीने आखडणारी कित्येक मुलं तिथे मोकळी होतात.

एक गोष्ट आईवडिलांसाठी. मुलाने वर्ष मागितलं तर आपण "घे" म्हणतो. मुलीने मागितलं की स्थळांचा विषय निघतो. माझ्या टेबलावर बसलेल्या त्या मुलीचे वडील म्हणाले होते, "एक वर्ष थांबलो असतो, पण लोक विचारतात." मी त्यांना तो खुणांचा कागद दाखवला. अर्धा तास ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी तो नफातोट्याचा प्रश्न स्वतः सोडवून बघितला. त्यांचंही उत्तर खरेदीची किंमतच आलं. कागदाची घडी घालून ते म्हणाले, "देऊ दे तिला." तिने नोकरी धरली, सकाळी साडेपाचला उठून डीआयएलआरचे सेट सोडवले, आणि दहा मिनिटांत सुटला नाही तर सेट सोडायचा, हे मनगटावरच्या घड्याळाशी बांधून घेतलं.

कॅटची नोंदणी साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते, म्हणजे ठरवायला अजून तीन महिने आहेत. उद्या सकाळी नऊ वाजता मी इथेच, वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना ठरवायचं आहे त्यांनी यावं. उत्तरांचे कागद, मॉकचे आकडे आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणाव्यात. पेन्सिली माझ्याकडे आहेत.