आकारांची ओळख आणि अनेकांताचा संस्कार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा संपादित पाठ)



चार वर्षांच्या बालकांपुढे पुठ्ठ्याचे चार तुकडे ठेवावेत : लाल गोल, निळा गोल, लाल त्रिकोण आणि निळा त्रिकोण. "सारखे सारखे एकत्र ठेवा," असे सांगावे. एक बालक लाल तुकडे एकीकडे करते, दुसरे गोल तुकडे वेचते. वडीलधारे पहिल्याला चटकन म्हणतात, "चुकलं तुझं!" वस्तुतः त्याचे काहीच चुकलेले नसते. त्याने रंग पाहिला, दुसऱ्याने आकार पाहिला. कोणता गुण पाहायचा हे न सांगताच निवाडा देणाऱ्याचे मात्र चुकते.

वस्तू अनंतधर्मात्मक आहे, हे जैन दर्शनाचे प्रतिपादन. लाल गोल रंगाच्या अपेक्षेने लाल त्रिकोणाचा सोबती आणि आकाराच्या अपेक्षेने निळ्या गोलाचा. अनेकांताचा पहिला पाठ असा पुठ्ठ्याच्या तुकड्यांतूनही देता येतो. मात्र अनेकांत म्हणजे सारेच बरोबर असे नव्हे. रंगाने गट करायचे ठरल्यावर लाल तुकड्यांत निळा आला, तर ती चूकच होय.

शिकवण्याचा क्रम सोपा आहे. आधी एकच गुण घ्यावा. मग तेच तुकडे पुन्हा एकत्र करून दुसऱ्या गुणाने लावावयास सांगावे. हा बदल लहानग्यांना जड जातो. रंगाने तुकडे लावणारे तीन वर्षांचे मूल, आकार पाहा म्हटल्यावरही, पुष्कळदा रंगच पाहत राहते. पाच वर्षांच्या आसपास बहुतेकांना हा बदल साधतो. तेव्हा रागावणे व्यर्थ. त्यानंतर 'लाल असलेले आणि गोलही असलेले' असे दोन गुण एकत्र घ्यावेत. गणितशिक्षणतज्ज्ञ झोल्टान डीन्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संचात तीन रंग, चार आकार, दोन मापे आणि दोन जाड्या मिळून ४८ ठोकळे असतात. त्यांतील कोणतेही दोन सर्वस्वी सारखे नसतात.

अशा महागड्या साधनांवाचून काही अडत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी तेथे, व पुढे कोसबाडच्या टेकडीवर, पाने, बिया, शंख-शिंपले आणि खडे हेच शिक्षणसाहित्य मानले. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावात तरी साहित्याची काय वाण? बांगडी, डब्याचे झाकण, पाटी, काडेपेटी, पताका आणि शंकरपाळे घरोघरी सापडतात. चिंचोके, तुरीचे दाणे यांसारख्या बारीक वस्तू मात्र मोठ्यांच्या नजरेखालीच द्याव्यात, कारण मुले त्या तोंडात घालतात.

आणखी एक दक्षता हवी. त्रिकोण नेहमी टोक वर करूनच दाखवला, तर उलटी लटकणारी पताका मुलाला त्रिकोण वाटत नाही. चौरस कोनावर उभा केला की त्याला तो निराळाच आकार वाटतो. म्हणून तुकडा फिरवावा, कडा व कोपरे बोटाने मोजू द्यावेत. ठेवण बदलली तरी कडांची आणि कोपऱ्यांची संख्या बदलत नाही, हे त्याच्या हातालाच कळते.

पाठशाळेत एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतचे जीवभेद शिकवले जातात, तेही गुणानुसार वर्गीकरणच. इंद्रियांच्या दृष्टीने हत्ती आणि मनुष्य एकाच गटात बसतात, गतीच्या दृष्टीने मात्र वेगळे होतात. आकार लावताना ही दृष्टी आलेल्या बालकाला जीवविचार पाठ करावा लागत नाही, तो उमगतो.

म्हणून माता-पित्यांना आणि अंगणवाडीच्या ताईंना एकच विनंती. मुलाने तुकडा कोठेही ठेवला, तरी 'चूक' म्हणण्यापूर्वी "हा येथे का ठेवलास?" एवढे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. ज्याचे म्हणणे बालपणी कोणी ऐकून घेतले, तोच मोठेपणी दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घेतो.

जय जिनेंद्र!