होडीची सहल आणि शेततळ्यातली होडी
(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषिविद्येचा प्राध्यापक समोर उभा राहिला म्हणजे तो पेरणीचे अंतर नाहीतर खताची मात्रा सांगणार, अशी तुमची अपेक्षा असते. आज मात्र मी होडीबद्दल बोलणार आहे. त्याला कारण घडले ते असे.

आपल्या जिल्ह्यातील बारा शेतकऱ्यांना घेऊन मी कोकणात अभ्यासदौऱ्यावर गेलो होतो. दापोलीचे कृषि विद्यापीठ पाहिले, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रावर काजूची कलमे पाहिली. शेवटचा एक दिवस मोकळा होता. मंडळींपैकी सात-आठ जणांनी समुद्र जन्मात पाहिलेला नव्हता. मालवण तालुक्यातील देवबागहून होडीने कर्ली खाडीचे मुख ओलांडून पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातील भोगव्याच्या किनाऱ्यावर जायचे, दिवसभर राहायचे आणि दुपारनंतर परतायचे, अशी एका दिवसाची सहल ठरली. माणशी एकच दर आणि सगळे त्यातच, म्हणजे होडी, लाईफ जॅकेट, निवतीच्या बाजूला डॉल्फिन दाखवणे, सकाळची न्याहारी, भोगव्याला एका घरी जेवण आणि परतीचा चहा. किनाऱ्यावर शहाळे प्यायलात तर त्याचे पैसे वेगळे, हेही त्यांनी आदल्या संध्याकाळीच सांगून टाकले होते.

परतल्यावर महिनाभराने मेहकर तालुक्यातला एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला. तो त्या सहलीत होता. म्हणाला, "सर, मी माह्या शेततळ्यात होडी टाकतो. शेगाव-लोणारले जाणारे लोक थांबतीन. जेवण, हुरडा, होडी, सगळं एकाच दरात. कसं वाटते?" असाच प्रश्न नंतर आणखी दोन-तीन जणांनी विचारला. मी त्यांना जे सांगितले तेच आज तुमच्यापुढे सविस्तर मांडतो.

आधी सहलीचे सांगतो. सकाळी सात वाजता निघालो. होडीवर एक तांडेल आणि त्याचा पुतण्या. तांडेलाने प्रत्येकाच्या जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले. आमच्यातील एक वडीलधारे म्हणाले, "आम्ही विहिरीत पोहून म्हातारे झालो, हे कायले?" तांडेल हसला, पण पट्टा बांधल्याशिवाय त्याने इंजिन सुरू केले नाही. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता आणि पाणी जवळजवळ स्थिर होते. शाळेच्या भूगोलात आपण मतलई वारे आणि खारे वारे शिकलो. ते धड्यातच राहिले असे वाटत होते, पण त्या दिवशी सगळा कार्यक्रम त्यांच्याच वेळापत्रकाने चालला होता.

भोगव्याची पुळण लांबलचक आहे. मागे माडाच्या बागा, पुढे समुद्र, आणि आम्ही उतरलो त्या बाजूला आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हते. ना दुकान, ना गाडा, ना भोंगा. आपल्याकडच्या यात्रेतल्या गर्दीची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला चुकल्यासारखे होते, आणि अर्ध्या तासाने तेच आवडू लागते. शहरातला माणूस पैसे मोजतो तो याच शांततेचे. जेवणात आमच्या माळकरी मंडळींसाठी काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे आणि सोलकढी होती. बाकीच्यांना बांगडा. कोण काय खातो हे तांडेलाने आदल्या दिवशी विचारून ठेवले होते.

पण निर्जन किनारा म्हणजे तिथे जीवरक्षकही नसतो, हे ध्यानात ठेवा. आमच्यातला एक पट्टीचा पोहणारा कमरेइतक्या पाण्यात गेला तोच तांडेलाने शिटी मारून त्याला मागे बोलावले. विहिरीचे पाणी जागेवर उभे असते. समुद्राची लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, आणि काही ठिकाणी किनाऱ्यावर आलेले पाणी एका अरुंद पट्ट्यातून जोराने आत परतत असते. त्या ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे पोहू लागला तर दमतो आणि बुडतो. त्याने किनाऱ्याला समांतर, आडवे पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडायचे असते. २०१६ च्या फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यात मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. आपल्या गावातील शाळांच्या सहली अलीकडे कोकणात जाऊ लागल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

जेवणे झाली. मंडळी माडाच्या सावलीत पसरली. दोनचा सुमार असेल. तांडेल येऊन म्हणाला, "वारो वाढता हा. मुखार लाटो फुटूक लागतले. आता उठूक व्हया." आम्हाला पाच वाजेपर्यंत थांबायचे होते. आमच्यातील एकाने लगेच सुनावले, "पैसे तं पुऱ्या दिवसाचे देल्ले ना!" तांडेलाने वाद घातला नाही. चहाचे आणि राहिलेल्या फेरीचे पैसे परत देतो म्हणाला, आणि होडीकडे चालू लागला. मलाही त्या वेळी थोडा रागच आला होता, खोटे कशाला बोलू? पण खाडीच्या मुखाशी आलो तेव्हा सकाळच्या त्या आरशासारख्या पाण्यावर पांढरे फेस उठत होते. एकीकडून ओहोटीचे आणि नदीचे पाणी बाहेर निघालेले, दुसरीकडून वाऱ्याने लाटा आत ढकललेल्या. होडी दोनदा चांगली आपटली. त्या पाच मिनिटांत कोणी एक शब्द बोलले नाही. धक्क्यावर उतरल्यावर पैसे परत मागणाऱ्या गृहस्थांनी ते घेतले नाहीत.

या लोकांचे भरतीचे गणित तुम्हाला आवडेल, कारण ते तिथीवर चालते. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे, म्हणजे भरती साधारण किती वाजता पुरी होईल ते निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा त्या किनाऱ्यावर पाण्याचा चढउतार दोन मीटरच्या आसपास असतो. अष्टमीच्या सुमारास तो सर्वांत कमी. मृगाचे वाहन पाहून पेरणीचा अंदाज बांधणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये. फरक इतकाच की, तिथीचे हे गणित बऱ्यापैकी बरोबर येते!

आता पैशाचे बोलू. तरुण मंडळींना दिसतो तो माणशी दर आणि त्याला गुणिले दहा माणसे. खर्च दिसत नाही. पावसाळ्यात, मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, तिथली पर्यटनाची होडी बंद असते. उरलेल्या नऊ महिन्यांतही गिऱ्हाईक मुख्यतः सुट्यांमध्ये. समजण्यापुरते आकडे धरा. वर्षातून धंद्याचे दिवस १००. होडीची डागडुजी, विमा, परवाना, कर्जाचा हप्ता, जॅकेटे हा होडी उभी असली तरी होणारा खर्च वर्षाला ३ लाख रुपये, म्हणजे धंद्याच्या प्रत्येक दिवसावर ३,००० रुपये. इंधन, मजुरी आणि जेवण मिळून दिवसाला ४,०००. एकूण ७,०००. दहा माणसे आली तर माणशी ७०० रुपयांना खर्च निघतो, नफा अजून शून्य. सहाच आली तर माणशी ११६६ रुपये पडतात. (जेवणाचा खर्च थोडा कमी होईल, पण इंधन आणि मजुरी तेवढीच.) म्हणून भरल्या होडीचा हिशोब करून दर ठरवणारा पहिल्याच हंगामात गाळात जातो. शिवाय वाऱ्यामुळे सहल रद्द झाली की पैसे परत. आमचा तांडेल ते शांतपणे देऊ शकला, कारण तो दिवस त्याने दरात आधीच धरलेला असणार. ज्याने तो धरलेला नाही, तो वारा सुटला तरी होडी काढतो. माझ्या मते सगळा धोका तिथून सुरू होतो.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ वीस पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे दगावले. हे समुद्राचे झाले. पण २१ मे २०२४ रोजी उजनी धरणाच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा माणसे गेली. तिथे समुद्र नव्हता, भरती-ओहोटी नव्हती. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा वारा कसा अचानक उठतो ते तुम्हाला मी सांगायला नको. उभे केळीचे बाग तो तासाभरात झोपवतो.

आता त्या मेहकरच्या तरुणाच्या शेततळ्याकडे येऊ. त्याचे तळे ३० बाय ३० मीटरचे आणि ३ मीटर खोल आहे. पुरे भरले की सुमारे २२ लाख लिटर पाणी. कडांना एकास एक उतार, आणि आत पाचशे मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद. आता विचार करा. समुद्रकिनारी माणूस पडला तर निदान पायाखाली वाळू येते. नदीला काठ असतो, झाडाचे मूळ हाताला लागते. अस्तर केलेल्या तळ्यात पडलेल्या माणसाला काठ हातभर अंतरावर दिसतो, पण त्या ओल्या, शेवाळलेल्या कागदावर ना हात ठरतो ना पाय. पोहता येणाराही थकून बुडतो. शेततळ्यात मुले आणि त्यांना काढायला उतरलेली मोठी माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. अशा तळ्यात पाहुण्यांना होडीत बसवणे हे मला मुळीच पटत नाही, आणि मी त्याला तसे स्पष्ट सांगितले. होडीचा तळ किंवा वल्ह्याचे टोक घासून कागद फाटला तर पाणीही गेले, हा मुद्दा त्यानंतरचा.

रस्त्याच्या कामासाठी माती-मुरूम काढून तळी खोल करण्याचा आपला 'बुलढाणा पॅटर्न' देशभर नावाजला गेला. पाणी वाढले, विहिरी धरू लागल्या, याचा आनंदच आहे. परंतु अशा तळ्याचा काठ पूर्वीसारखा हळूहळू खोल होत जात नाही, हे गावातल्या पोरांना कोणीतरी सांगायला हवे. आणि कोणी म्हणेल, लोणारला का नको होडी? तर ते सरोवर अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीत आहे. तिथे होडीचे नावही काढू नये. लोक तिथे काठावर उभे राहून बघायला येतात तेच पुरे आहे.

मग त्या तरुणाने करावे काय? होडी सोडून बाकी सगळे. शेगावचे भाविक, सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी येणारे लोक, लोणारचे पर्यटक आणि २०२२ च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झालेला समृद्धी महामार्ग, इतके गिऱ्हाईक कोकणातल्या कित्येक गावांच्या वाटेवरही नाही. राज्याचे कृषि पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आहे. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला त्यात नोंदणी करता येते आणि ती पर्यटन संचालनालयाकडे होते.

त्याचा खरा माल हुरडा आहे. येथे माझा विषय आला म्हणून दोन शब्द जास्त बोलतो. हुरड्याचा दाणा हिरवा आणि दुधाळ राहतो तो फार थोडे दिवस. एकाच दिवशी सगळी पेरणी केली तर आठवड्याभरात दाणा टणक होतो आणि पाहुणे मात्र पुढच्या रविवारी येतात. म्हणून रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आठ-दहा दिवसांच्या अंतराने, चार टप्प्यांत करावी. अकोल्याच्या आपल्या विद्यापीठाचा 'पीडीकेव्ही कार्तिकी' हा हुरड्यासाठीचा वाण आहे. गुलभेंडी तुम्हाला माहीत आहेच. प्रत्येक टप्पा लहान ठेवा आणि पाखरांची राखण आधीच धरा, नाहीतर पहिला हुरडा तीच खातात. दर ठरवताना मघाचा होडीचा हिशोब इथेही लावा. हुरड्याचे रविवार मोजून सहा-सातच येतात.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गट स्वतः होडी वल्हवून लोकांना कांदळवन दाखवतो. त्या बायका तिवराची झाडे ओळखायला शिकल्या आणि आता तेच ज्ञान विकतात. आपल्या बचत गटांनी शेतातल्या रानभाज्या, तूर-ज्वारीचे जुने वाण, डाळ भरडण्याचे जाते दाखवायला काय हरकत आहे? शहरातल्या मुलांना हरभऱ्याचा घाटा झाडावर पाहिलेला नसतो.

शेततळे मात्र पाहुणे येवोत वा न येवोत, आधी सुरक्षित करा. चारही बाजूंनी निदान पाच फुटांचे तारेचे कुंपण आणि फाटकाला कुलूप. प्रत्येक बाजूला एक जाड नायलॉनचा दोर, वर काठाबाहेर पक्क्या खुंट्याला बांधलेला आणि तळापर्यंत सोडलेला. त्याला दीड-दीड फुटावर गाठी, म्हणजे ओल्या हाताने पकड मिळते. पाण्यावर हवा भरलेल्या दोन-तीन जुन्या ट्यूब दोराने बांधून तरंगत्या ठेवा. लोखंडी खुंटे वापरलेत तर त्यांची टोके कागदाला लागणार नाहीत एवढे अंतर सोडा. दोर उन्हाने कुजतो, तो दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी ओढून पाहा आणि शंका आली तर बदला. त्या मेहकरच्या तरुणाने दोर बांधून झाल्यावर मला बोलावले होते. आम्ही दोघांनी वरून पूर्ण वजन टाकून ते ओढून पाहिले. एका बाजूचा खुंटा हलला, तो त्याने दुसऱ्या दिवशी सिमेंटात बसवला.