उरलेली वाट



मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. दिंडीला शंभर वर्षं झाली, दोन शब्द बोला म्हणाले, म्हणून उभा राहिलो. आज एक चूक सांगतो. ती माझीच आहे.

माझ्या धाकट्या भावाचा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. आषाढीला दिंडी निघायची तवा तो म्हणायचा, "दादा, मी येऊ का?" मी म्हणायचो, "तुझ्यानं चालणं व्हायचं नाही. घरीच नाम घे, देवाला पोचतं." तो टाळ वाजवत वेशीपर्यंत यायचा अन् तिथंच थांबायचा.

एका वर्षी कीर्तनात मी संत कूर्मदासांची कथा लावली. आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणचे. हातपाय नव्हते. तरी वारीच्या ओढीनं सरपटत, लोळत निघाले. माढा तालुक्यातल्या लऊळला आले अन् शरीर थकलं. वारकऱ्यांच्या हाती विठ्ठलाला निरोप धाडला. मग पांडुरंगच पंढरी सोडून लऊळला भेटीला आले, अशी कथा आहे. लोक रडले. मीही रडलो.

रात्री भाऊ म्हणाला, "दादा, कूर्मदासाची उरलेली वाट देव चालला. तुला मला गाडीत बसवून नेता येईना का?"

मला उत्तर आलं नाही.

पुढच्या वारीला तो तीनचाकी सायकलवर आला. चढाला तरणी पोरं मागून लोटायची. दिंडी मुक्कामाला अर्धा तास उशिरा पोचायची, एवढंच. खरी अडचण मुक्कामी. ओट्याला पायऱ्या, संडासाचं दार अरुंद. तवा कळलं, भावाला पायापेक्षा पायरीनं जास्त अडवलं होतं, अन् पायरीपेक्षा मी.

मायबापहो, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून विचारा. मंदिराचा उतार तर आपण श्रमदानानं करू. एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा, म्हणजे चाकाची खुर्ची सोपी चढते. अन् मुक्काम ठरवायला जाल तवा पायऱ्या अन् संडासाचं दार आधी बघा.

वारीत आपण वाकून एकमेकांना माउली म्हणतो. औंदा निघताना वेशीवर थांबलेल्या माउलीलाही विचारा, "येतोस का?"

रामकृष्ण हरी!