दोर : वळणाऱ्या हातांपासून कारखान्यापर्यंत



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना प्रथम वंदन करतो. आजचा माझा विषय आपणांस काहीसा क्षुल्लक वाटेल. विषय आहे दोर. परंतु दोरावाचून विहीर नाही, बैलगाडी नाही आणि होडीही नाही.

विजेचे पंप येण्यापूर्वी निपाणी-बेळगाव भागातील बागायत मोटेवर उभी होती. मोट ओढणारा जाड नाडा, तिच्या सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर, बैलांचे कासरे, वेसणी आणि दावी हे सारे प्रामुख्याने मातंग समाजातील कारागीर वळून देत. कर्नाटकी बेंदराला बैलांच्या अंगावर चढणारा नवा साजही त्यांच्याच हातचा. अंबाडीच्या काड्या पाण्यात कुजवून त्यांची साल सोलायची, ती धुऊन वाक काढायचा. घायपाताची पाने ठेचून त्यांचे धागे मोकळे करायचे. त्या धाग्यांना एका दिशेने पीळ देऊन पेड करायचे आणि ते पेड एकमेकांभोवती उलट दिशेने वळायचे. प्रत्येक पीळ सुटू पाहतो. परंतु दोन्ही पीळ परस्परविरुद्ध असल्यामुळे एक दुसऱ्याला सुटू देत नाही. दोराचे सारे शास्त्र एवढ्यात सामावले आहे.

हे शास्त्र ज्यांच्या बोटांत होते, त्यांच्या वाट्याला मात्र सुगीचे बलुते आणि गावाबाहेरची वस्ती आली. ज्या विहिरीचे पाणी त्यांच्या दोरामुळे वर येई, त्याच विहिरीला शिवण्याची त्यांना मनाई होती. दोर चालत होता, दोर वळणारा चालत नव्हता. आपल्या ग्रामजीवनाचे गोडवे गाताना हे विसरता येणार नाही.

आता याच महामार्गाने आपण पुण्याच्या दिशेने जाऊ. साताऱ्याच्या पुढे वाई लागते. तेथे आणि पुण्यात आज दोर व जाळी तयार होतात ती यंत्रावर. या उद्योगाचे प्रवर्तक भालचंद्र दिगंबर तथा आबासाहेब गरवारे. त्यांचा जन्म १९०३ साली तासगावचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. मुंबईत जुन्या मोटारींच्या व्यापारापासून सुरुवात करून ते प्लास्टिक आणि नायलॉनच्या उद्योगाकडे वळले. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७६ साली अमेरिकेतील वॉल इंडस्ट्रीजच्या सहकार्याने गरवारे-वॉल रोप्स ही कंपनी स्थापन झाली. १९९० साली आबासाहेब निवर्तले. २०१८ मध्ये कंपनीने गरवारे टेक्निकल फायबर्स हे नाव धारण केले. कारण दोरांबरोबरच मासेमारीची, मत्स्यशेतीची, शेतीची आणि खेळांचीही जाळी ती बनवू लागली होती.

या बदलामागे जगाचा इतिहास आहे. अमेरिकेत १९३५ साली नायलॉनचा शोध लागला. दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपाइन्स घेतल्यावर जहाजांना लागणारा मनिला ताग मिळेनासा झाला आणि कृत्रिम धाग्याचे महत्त्व वाढले. १९५४ साली इटलीत नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन सिद्ध केले. वाकाचा दोर पाण्यात भिजून कुजतो. हा धागा पाणी शोषत नाही आणि पाण्यावर तरंगतो. कोळ्याला आणि शेतकऱ्याला तो पसंत पडला, यात नवल नाही. मात्र जो गुण म्हणून गौरविला, तोच पुढे दोष ठरला. समुद्रात सुटलेले जाळे कुजत नाही आणि वर्षानुवर्षे मासे पकडत राहते.

आपल्या गावांत नाड्याची गरज पंपाने संपविली, कासऱ्याची ट्रॅक्टरने कमी केली आणि उरलेला बाजार प्लास्टिकच्या दोरीने घेतला. बलुत्याची लाचारी संपली, हे चांगलेच झाले. पण त्या लाचारीबरोबर एक विद्याही निघून गेली. यंत्राने पिळाचे तत्त्व बदललेले नाही. यंत्र तेच काम अधिक वेगाने करते. तरीही कारखान्याच्या इतिहासात संस्थापकाचे नाव असते, भागीदाराचे असते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे तत्त्व जपले, त्यांचे नाव कोठल्याच वहीत नाही.

ती वही आपली शाळा घालू शकेल. आपल्या सीमाभागात दोराला मराठीत एक नाव आणि कन्नडमध्ये हग्ग हे दुसरे. वळणारे हात दोन्ही भाषांच्या शेतकऱ्यांना सारखेच उपयोगी पडले. अजून काही वृद्ध कारागीर हयात असतील. विद्यार्थ्यांनी त्यांच्या घरी जावे, दोरांची नावे, मापे आणि वळण्याची रीत टिपून घ्यावी, आणि ती सांगणाऱ्याचे नाव वर लिहावे. त्यांना आपण बलुते देत होतो. श्रेय द्यायचे राहून गेले. गुरुवर्यांच्या स्मृतीला याहून योग्य अभिवादन मला सुचत नाही.