गोळी सोसत नाही म्हणून सोडली का?

आज आपण रक्तवाढीच्या गोळीबद्दल बोलणार आहोत. आशाताई देतात ती, लाल रंगाची.

आमचा बचत गट अक्कलकोट रोड एमआयडीसीतला. आमच्यातल्या काही जणी टॉवेलला शिलाई मारतात, काही जणी घड्या घालून पॅकिंग करतात आणि दोघी-तिघी अजून घरी विड्या वळतात. मागच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले आणि एक जण सहज बोलून गेली, "माझ्या गोळ्या डब्यात पडून आहेत, मी कधीच सोडल्या." मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. बघता बघता निम्म्याहून जास्त जणींनी गोळी अर्ध्यातच सोडल्याचं निघालं. आशाताईंनी विचारलं की मात्र सगळ्या म्हणायच्या, "घेते की हो!"

२०१९ ते २१ या काळात सरकारी पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. गोळ्या तर गावोगाव पोचतात. मग त्या पोटात का जात नाहीत, हे एकमेकींनाच विचारायला हवं होतं. आम्ही ते त्या दिवशी विचारलं.

एकीला संडास काळी झाली आणि ती घाबरली. तिला वाटलं, रक्त वाढायची गोळी घेतली आणि आतून रक्तच जायला लागलं. लाजेनं घरात बोलली नाही, गोळी तेवढी बंद केली. खरी गोष्ट साधी आहे. गोळीतलं सगळं लोह अंगी लागत नाही. उरलेलं बाहेर पडतं, त्याचा तो काळा रंग. त्यात भिण्यासारखं काही नाही. मात्र संडास डांबरासारखी चिकट झाली, लाल रक्त दिसलं, पोटात फार दुखलं किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दुसरीला मळमळ आणि छातीत जळजळ. ती गोळी कधी घ्यायची? सकाळी निघायच्या गडबडीत, उपाशीपोटी, वर चहाचा घोट. इथं दोन चुका झाल्या. उपाशीपोटी गोळी बऱ्याच जणींना सोसत नाही, आणि चहामुळे लोह अंगी लागत नाही. म्हणजे त्रास झाला तो झालाच, गोळीही वाया गेली. आता ती रात्री जेवल्यावर तासाभरानं, साध्या पाण्याबरोबर घेते. जेवताना लिंबू पिळून घेते, कारण आंबट फळानं लोह चांगलं लागतं. चहा गोळीच्या आधी तासभर नाही आणि नंतर तासभर नाही. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींमध्ये दोन तास तरी जाऊ द्या. बाळंतपणातल्या बायका दोन्ही गोळ्या एकदम गिळून मोकळ्या होतात, ते नको.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही बोललो ते संडासला खडा होण्यावर. भाजी खा, मोडाची उसळ खा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी प्या, हेही ठाऊक आहे. पण आमच्या बाया कामावर पाणी पीतच नाहीत! सोलापूरचा उन्हाळा, मशीनची गरमी, आणि दिवसभरात दोन पेले पाणी. का? तर संडास लांब, दाराला कडी नाही. कोण जाणार? मग दोष येतो गोळीवर. बायकांसाठी वेगळं, बंदिस्त स्वच्छतागृह हवं, हे १९४८ च्या कारखाने कायद्यापासून लिहिलेलं आहे. आम्ही पाच जणी मिळून सुपरवायझरकडे गेलो. कडी लागली. पाण्याची टाकी अजून व्हायची आहे, आम्ही विचारत राहणार.

आता दुसऱ्या गोळ्यांचं. बी कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते, ती कावीळ नव्हे. पण डी जीवनसत्त्वाच्या पुडीला जपा. साठ हजार युनिटची पुडी बहुतेक वेळा आठवड्याला एकच लिहून देतात. आमच्या एका मैत्रिणीनं ती रोज एक अशी चार दिवस घेतली. "लवकर गुण येईल" म्हणून! डॉक्टरांनी पुडी थांबवून रक्त तपासायला लावलं. ती सुटली, पण हे जीवनसत्त्व अंगात साठतं. फार झालं तर मळमळ, सारखी तहान, सारखी लघवी असा त्रास सुरू होतो आणि मूत्रपिंडावरही येतं. पुडी रोजची की आठवड्याची, हे मेडिकलमध्येच विचारून वर पेनानं लिहून घ्या.

आणि लाल गोळ्या लेकरांच्या हाती लागू देऊ नका. गोड समजून मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं. खाल्ल्याचं कळलं की वाट न बघता थेट दवाखाना.

एवढं करूनही त्रास राहिला तर मनानं गोळी बंद करू नका, मनानं वाढवूही नका. उरलेली पाकिटं पिशवीत घालून आशाताईंना किंवा नर्सबाईंना दाखवा आणि काय होतंय ते खरं सांगा. गरोदर बाईला रोज एक गोळी असते, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस. बाकीच्या बायकांना आठवड्याला एक. रक्त फार कमी असेल तर हिशोब बदलतो, तो डॉक्टर सांगतील. गोळी बदलायची की दिवसाआड घ्यायची, तेही तेच ठरवतील.

डब्यात गोळ्या ठेवणारी आमची मैत्रीण आता रात्री घेते. पहिले तीन-चार दिवस मळमळलं म्हणाली, मग कमी झालं. मंगळवारी ती हिमोग्लोबिन तपासायला जाणार आहे. तिला सुईची भीती वाटते, म्हणून आम्ही दोघी अर्धा दिवस सुट्टी टाकून बरोबर जातोय.